नाल्यातलं कुंकू

त्या कारखान्यात मी चहा करायची. पहिल्या चार वर्षांत मी तिथं जेवढं बोलले ते सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि खाली सही करायलाही जागा उरली असती. 'यस बॉस', 'नो शुगर' आणि 'फिनिश' एवढ्यावर माझं चालायचं. बोलायची वेळ आली की मी कपबश्या विसळायला घ्यायची. पाण्याच्या आवाजात कोणी काही विचारत नाही.

कारखाना म्हणजे टी-शर्टांवर आणि कापडी पिशव्यांवर छपाई करायचं ठिकाण. सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटपासून बसनं वीस मिनिटं. पुढं ऑफिस, मध्ये छपाईची लांब टेबलं, मागं चौकटी धुवायची जागा आणि मागच्या दाराबाहेर सिमेंटचा मोठा उघडा नाला. चहा, फरशी आणि छापून वाळलेल्या शर्टांच्या घड्या ही माझी कामं. घड्या मला फार आवडायच्या. शर्ट कधी प्रश्न विचारत नाहीत.

बॉस चिनी होता, पन्नाशीचा, पोट पुढं आलेला, मनानं वाईट नाही. पण पैसे खर्च होतील असं काही कानावर आलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "नेक्स्ट इयर." पंखा बिघडला, नेक्स्ट इयर. मागच्या दाराची कडी तुटली, नेक्स्ट इयर. मी ती कडी चार वर्षं सुतळीनं बांधली.

मागं चौकटी धुवायला एक मलायी गृहस्थ होते, साठीला आलेले. मलायी लोक काकाला पाकचिक म्हणतात, म्हणून सगळे त्यांना पाकचिक म्हणायचे. ते मला माकचिक म्हणायचे, म्हणजे काकू. छपाई झाली की जाळीच्या चौकटींवरची शाई थिनरनं धुवावी लागते. पाकचिकचे हात त्या थिनरनं भेगाळून गेले होते आणि दुपारनंतर त्यांना ढास लागायची. धुतलेलं थिनर खालच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये जमायचं, तिथून पिंपात भरायचं आणि महिन्याला एक लॉरी येऊन ते घेऊन जायची. नियम असा. पण ट्रेला चीर गेली होती. थोडं थिनर खाली गळायचं आणि जमिनीतल्या पाइपानं नाल्यात जायचं. पाकचिकनी हे बॉसला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी बॉसच्या कपात चहा ओतत होते. बॉस काय म्हणाला ते सांगायला नको.

चौथ्या वर्षी आमच्याकडं नेहमीसारखा दीड दिवसाचा गणपती बसला. मूर्ती शाडूची, वीतभर. विसर्जन बादलीत, आणि विरघळलेली माती कॉरिडॉरमधल्या तुळशीला. इथपर्यंत सगळं सोपं असतं. निर्माल्याचं काय करायचं हा प्रश्न मात्र दर वर्षी उरतो. आमची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. ती म्हणाली, "आई, चूटमध्ये टाक ना, लाह." तिच्या वाक्याच्या शेपटीला हे 'लाह' असतंच, इथल्या सगळ्या मुलांच्या असतं. चूट म्हणजे स्वयंपाकघरातल्या भिंतीतलं कचऱ्याचं भोक, त्यातून सगळ्या मजल्यांचा कचरा धाडधाड खाली जातो. देवाच्या डोक्यावरची दूर्वा माशाच्या काट्यांवर टाकायची? मी पिशवीची गाठ मारून ठेवली.

त्यातच मला देव्हाऱ्याच्या खणात कुंकवाचा डबा सापडला. आईनं दिला होता, चांगला अर्धा किलो. एवढं कुंकू मी सात जन्मांत लावलं नसतं, पण आईला वाटलं सिंगापुरात मिळत नसेल. इथल्या दमट हवेनं त्याचा गोळा होऊन वर बुरशी आली होती. तेही लावता येईना आणि टाकवेना. तेव्हा मला नाल्याची आठवण झाली. लहानपणापासून निर्माल्य वाहत्या पाण्यात सोडलेलं पाहिलेलं. कारखान्यामागचा नाला आदल्या दिवशीच्या पावसानं चांगला वाहत होता. वाहतं पाणी ते वाहतं पाणी, असा मी हिशेब केला.

सकाळी सगळ्यांच्या आधी मी पोचले. सुतळी सोडून मागचं दार उघडलं, कठड्याशी उभं राहून फुलं, दूर्वा, बेल सोडले, कुंकवाचा गोळा हातानं फोडून सोडला, नमस्कार केला आणि आत येऊन चहाचं आधण ठेवलं. मनाला फार बरं वाटलं. नाल्याच्या पाण्याकडं मी मागं वळून बघितलंच नाही.

अकराच्या सुमाराला पर्यावरण खात्याचे दोन अधिकारी आले. कुणीतरी फोन करून सांगितलं होतं की नाला लाल झालाय. मागच्या दारात जाऊन बघते तर काय, खाली वळणापर्यंत पाणी लग्नातल्या शालूसारखं लाल. फुलं कुठं वाहून गेली होती कोण जाणे, गोळ्याचा मोठा तुकडा मात्र कठड्याखालच्या कपारीत अडकून सावकाश सुटत होता. अधिकाऱ्यांनी दोरीला बाटली बांधून पाणी काढलं, पाइपाच्या तोंडाशी दुसरी बाटली भरली, फोटो काढले. आणि आत टेबलांवर त्या दिवशी काय छापत होते? कुठल्याशा कंपनीच्या चालण्याच्या शर्यतीचे शर्ट. लाल.

मी कपबश्या विसळायला घेतल्या.

अधिकारी गेल्यावर बॉसनं आधी पंख्याकडं बघितलं, मग पाकचिककडं. शाई तूच सांडलीस, असं त्यानं स्पष्ट म्हटलं नाही, पण दिवसभर त्यांच्याशी बोलला नाही. मग कुणाकुणाला फोन केले. त्यातून त्याला कळलं की कोर्टात पर्यावरणाचे खटले ऐकायचा दिवस वेगळा असतो, ऐकणारेही तेच तेच, त्यामुळं तिथं थापा चालत नाहीत. नुसता दंड भरून सुटका होत नाही, नंतर काय सुधारलं तेही विचारतात. हे ऐकून तो इतका घाबरला की चार दिवसांत टाकीवाल्याला बोलावलं. टाकीवाल्यानं मागची जागा मोजली. चौकटी धुण्यासाठी बंद टाकी, तिच्यात तेच पाणी फिरून फिरून वापरायचं, आणि थिनरच्या जागी वास न येणारं दुसरं औषध. पाकचिक त्याच्या मागं मागं फिरत होते. त्यांनी मला टाकीचं चित्र असलेला कागद दाखवला, जसा कुणी नातवाचा फोटो दाखवावा.

घरी मी सगळं सांगितलं. मुलगी जेवता जेवता थांबली.

"आई, तो नाला तलावात जातो. आणि तलावातलं पाणी आपण पितो, लाह."

आमचे हे जुरोंग आयलंडवर, तेलाच्या कारखान्यात कामाला. तिथं कंपनीच्या बसनं, पास दाखवून आत जायचं, आणि जमिनीवर तेलाचा थेंब पडला तरी चार जण धावतात. त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "अगं, आता गप्पच राहा. कुणी विचारलंय का तुला?" कुणी विचारलं नव्हतं. गप्प राहण्याचा तर मला चांगला सराव होता.

समन्स आलं. बॉसनं पाकचिकना ऑफिसात बोलावलं. मी दाराशी ट्रे घेऊन उभी होते म्हणून ऐकलं. कोर्टात तू सांग की शाई तुझ्या हातून सांडली, तू पुढच्या वर्षी रिटायर होणारच आहेस, कंपनीचं नाव वाचेल. एवढं सांगून बॉस टेबलावरचे कागद सारखे करत बसला. पाकचिक "ओके बॉस" म्हणून बाहेर आले.

दुपारी मागच्या दारात आम्ही चहा घेत बसलो. पाकचिक नाल्याकडं बघत होते.

"माकचिक, मी म्हातारा झालो का?" ते म्हणाले. "लाल शाईचा डबा मी हातात घेतल्याचं मला आठवतच नाही. माझ्या आईचं असंच झालं होतं. आधी डबे विसरली, मग आम्हाला."

त्या माणसाला आपलं डोकं फिरतंय असं वाटत होतं, आणि ते माझ्या कुंकवानं.

दुसऱ्या दिवशी मी घरून कुंकवाची लहान डबी नेली. पाकचिकना बाहीला धरून बॉसच्या ऑफिसात नेलं, टेबलावर स्टीलची वाटी ठेवली, पाणी ओतलं आणि चिमूटभर कुंकू सोडलं. वाटी लाल झाली. बॉसनं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून नाल्याकडं बोट दाखवलं, मग स्वतःकडं.

"मी," मी म्हटलं. "देवाचं. फिनिश."

पाकचिकनी वाटीत बोट बुडवून बघितलं आणि इतके हसले की त्यांना ढास लागली. बॉसही हसला, पण त्याचं हसणं वेगळं होतं, सुटल्याचं. शाई नाहीच म्हणजे कंपनीची चूक नाहीच. आंटीला, म्हणजे मला, कोर्टात न्यायचं, वाटी दाखवायची, संपलं. आणि मी ऑफिसातून बाहेर पडायच्या आत त्यानं फोन उचलला आणि टाकीवाल्याला सांगितलं, आत्ता नको. कधी? नेक्स्ट इयर.

पाकचिकनी टाकीचा कागद घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं, हे बरंय. खरं लपवलं तर एका माणसाचं वाटोळं, खरं सांगितलं तर टाकी गेली. देवाला हात जोडले आणि म्हटलं, तुझंच निर्माल्य, आता तूच बघ.

कोर्टाच्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसले, आणि बॉसच्या व्हॅनमध्ये आम्ही तिघं गेलो. मला वाटलं होतं कोर्ट म्हणजे पिंजरा आणि आरडाओरडा. ते निघालं बँकेसारखं, थंडगार. मॅजिस्ट्रेट एक बाई होत्या, चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचणाऱ्या. बाकांवर सगळे आमच्यासारखेच बसले होते, कुणी सोयाबीनचं पनीर बनवणारा, कुणी गाड्या रंगवणारा, कुणी गॅरेजवाला. त्या सकाळी दुसरे कुठलेच खटले नव्हते, सगळे नाल्याचे, धुराचे आणि गटाराचे.

पनीरवाला उठला. त्यानं चूक कबूल केली आणि फोटो दिले. नवी गाळणी, नवा पाइप, बाजूला तो स्वतः अंगठा वर करून. बाईंनी फोटो एकेक करून बघितले, एका फोटोत पाइप कुठं जातो ते विचारलं, मग दंड सांगितला आणि तो मान हलवत बसला. रंगवाल्याकडंही फोटो होते. नंतर गॅरेजवाला. त्याच्याकडं काहीच नव्हतं. तो म्हणाला, करणार आहोत. बाईंनी चष्मा खाली ओढला. नुसता विचार करून तेल नाल्यात जायचं थांबतं का, असं त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, आणि त्यानंतर जो दंड सांगितला तो ऐकून अख्खा बाक सरळ बसला.

आमचा बॉस पांढरा पडला. हातातले समन्सचे कागद त्यानं बहुधा पहिल्यांदाच शेवटपर्यंत चाळले. मागच्या पानावर तो थबकला, मग उठून वाकून वाकून बाहेर गेला. दाराच्या काचेतून मला दिसत होतं, मोबाइल कानाला लावून तो दुसऱ्या हातानं हवेत टाकीचा आकार काढत होता. परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, एवढ्या थंडीत.

आमचा नंबर आला. अधिकाऱ्यानं वाचून दाखवलं ते मागचंच पान होतं. नाल्यातल्या लाल रंगाबद्दल त्यांचं फारसं म्हणणं नव्हतं. लाल पाण्यामुळं ते आले एवढंच. पाइपाच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत थिनर सापडलं होतं, आणि खटला थिनरचा होता. बॉसनं खिशातून माझी कुंकवाची डबी काढली होती, ती तशीच हातात राहिली. तरी त्यानं लाल पाण्याची गोष्ट सांगितली, आणि बाईंनी मला उभं राहायला सांगितलं. मराठीचं कोणी नव्हतं, हिंदी समजावून सांगणारे एक गृहस्थ आणले.

हे लाल म्हणजे काय असतं, बाईंनी विचारलं.

माझी हिंदी तशीही बेताची, तेव्हा तर ती पळूनच गेली. मी कपाळावरच्या कुंकवावर बोट ठेवलं. मग हात जोडले. मग खाली नाल्यात टाकल्यासारखं केलं. बाईंनी मान डोलावली. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि गेलं. त्या बॉसकडं वळल्या. थिनर मात्र या बाईंच्या देवाचं नसावं, असं त्या म्हणाल्या. ते नाल्यात कसं गेलं?

बॉसनं मान किंचित वळवली आणि पाकचिककडं बघितलं. चौकटी धुवायचं काम यांच्याकडं असतं, तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. पण पाकचिकनी लगेच मान खाली घातली, जणू ते ठरलेलंच होतं. मी अजून उभीच होते. मला कोणी बसायला सांगितलं नव्हतं. आसपास विसळायला कपबश्या नव्हत्या.

"पाकचिकनी सांगितलं होतं," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. "ट्रे फुटलाय म्हणून दोनदा सांगितलं. मी चहा ओतत होते. बॉस म्हणाले, नेक्स्ट इयर."

हिंदीवाले गृहस्थ माझ्याकडं बघत राहिले. मी ते मोडक्यातोडक्या हिंदीत परत सांगितलं, त्यांनी इंग्रजीत. 'नेक्स्ट इयर'ला त्यांना काही करावं लागलं नाही. माझा आवाज बरा निघाला.

बाईंनी पाकचिकना विचारलं, खरं का? पाकचिक बॉसकडं न बघता हो म्हणाले. मग बॉसला विचारलं. आमचा बॉस चिकट असेल, पण तोंडावर खोटं बोलणारा नव्हता. तो म्हणाला, खरं आहे. आणि मग, बुडणाऱ्यानं दोरी धरावी तसा, म्हणाला की टाकी मागवली आहे.

"कधी मागवली?"

"आज सकाळी."

"सकाळी किती वाजता?"

बॉसनं घड्याळाकडं बघितलं. "वीस मिनिटं झाली, मॅडम. बाहेर. कॉरिडॉरमध्ये."

अख्खा बाक हसला, गॅरेजवालासुद्धा. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढची तारीख दिली. तोवर टाकी बसलेली हवी, चालू हवी, आणि फोटो हवेत. बाहेर आल्यावर अधिकाऱ्यानं मला बाजूला घेऊन कचरा टाकल्याच्या दंडाची चिठ्ठी दिली, अगदी नम्रपणे, दोन्ही हातांनी. मी पण दोन्ही हातांनी घेतली.

व्हॅनमध्ये मी मनात म्हणत होते, संपली नोकरी, उद्यापासून घड्या घरातल्याच. अर्ध्या वाटेत बॉसनं हॉकर सेंटरपाशी, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईपाशी, व्हॅन थांबवली, आत गेला आणि तीन चहा घेऊन आला. चार वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा चहा दिला. माझ्या चहापेक्षा गोड होता.

"आंटी," तो म्हणाला, "चार वर्षं तू एक शब्द बोलत नाहीस. आणि बोललीस ते थेट कोर्टात?"

"नो शुगर," मी म्हटलं, कारण दुसरं काही सुचेना. पाकचिकना चहाचा ठसका लागला.

टाकी तिसऱ्या आठवड्यात आली. नंतर दंड झालाच, पण गॅरेजवाल्यासारखा नाही. आमच्या ओळीतल्या कारखान्यांत कोर्टाची गोष्ट अशी पसरली की टाकीवाल्याची गाडी दिवसाआड आमच्या गल्लीत दिसायला लागली. ज्यांच्या मागच्या दाराशी कधी कोणी आलं नव्हतं, त्यांनीही पाइप तपासून घेतले. पाकचिकची ढास हळूहळू कमी झाली. रिटायर व्हायचं त्यांनी एक वर्ष पुढं ढकललं. इतकी छान टाकी आल्यावर आता कोण जातं, म्हणाले. मागच्या दाराला नवी कडी बसली. आणि निर्माल्यासाठी बॉसनं मला एक रिकामं प्लास्टिकचं पिंप दिलं, भोकं पाडून, माती घालून. पुढच्या गणपतीत मी त्यातच सगळं ठेवलं. थोड्या दिवसांनी त्यात झेंडू उगवला.

फोटोचं मात्र सांगायचं राहिलं. कोर्टाला द्यायचा फोटो काढताना टाकीच्या एका बाजूला पाकचिक उभे राहिले, दुसऱ्या बाजूला बॉस. मी नेहमीसारखी पॅन्ट्रीकडं निघाले होते. मला फोटो काढून घ्यायला आवडत नाही, आमच्या लग्नाच्या फोटोतही मी खालीच बघतेय. बॉसनं मोठ्यानं हाक मारली, "आंटी, तू पण. मॅडम तुला शोधतील."

मी साडी सारखी केली आणि जाऊन मधे उभी राहिले. कुंकू ठसठशीत होतं. त्या फोटोची एक प्रत माझ्या कपाटात साड्यांखाली आहे आणि दुसरी कोर्टाच्या फायलीत. दोन्हीत मी समोर बघतेय.